दुसऱ्याचे खेळाडू, स्वतःचा विजय

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये एक वाक्य फार स्वस्तात वापरलं जातं: ‘जिंकला खरा, पण खेळाडू आधीच्या कोचचे होते.’ एवढं म्हटलं की बोलणाऱ्याला जाणकार असल्याचं समाधान मिळतं आणि ज्याच्याबद्दल बोललं त्याची कमाई निम्म्या भावात जाते. स्टीव्ह फिशरला हे ऐकावं लागलं. टबी स्मिथला दहा वर्षं ऐकावं लागलं. अलीकडे ह्यूबर्ट डेव्हिसलाही. मला हे वाक्य चुकीचं वाटतं, आणि चुकीपेक्षाही अन्यायाचं वाटतं.

त्यातलं खरं किती, ते आधी मान्य करतो. आपल्याकडे कॉलेजचा संघ म्हणजे जिमखान्याच्या फळ्यावर निवड चाचणीची तारीख लागते, मुलं जमतात, त्यातली बारा निवडली जातात. अमेरिकेत कोच हा संघाचा कर्ताधर्ता. शाळकरी मुलांचे सामने बघत तो गावोगाव हिंडतो, त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलतो, शिष्यवृत्ती देऊ करतो आणि मुलाला आपल्या विद्यापीठात आणतो. अगदी अलीकडेपर्यंत मुलगा साधारण चार मोसम तिथेच खेळायचा. त्यामुळे नवा कोच पहिल्या सरावाला यायचा तेव्हा समोरची मुलं दुसऱ्या कोणाच्या तरी शब्दाखातर आलेली असायची. पहिली दोन-तीन वर्षं त्याला त्यांच्यावरच काढावी लागायची. तेव्हा मिळालेला संघ कसा होता हे बघायलाच हवं. माझा आक्षेप बघण्याला नाही, बघण्याच्या पद्धतीला आहे. यश आलं की ते आधीच्याच्या नावावर टाकायचं, अपयश आलं की नव्याच्या, हा कुठला न्याय?

फिशरचं उदाहरण सविस्तर घेतो, कारण एकाच माणसाने या वाक्याच्या दोन्ही बाजू जगून दाखवल्या आहेत.

मार्च १९८९. राष्ट्रीय स्पर्धा दोन दिवसांवर आली होती आणि मिशिगन विद्यापीठाचा कोच बिल फ्रीडर याने ॲरिझोना स्टेटची नोकरी स्वीकारली. स्पर्धा उरकून जाईन, असा त्याचा बेत होता. क्रीडा संचालक बो शेंबेक्लर हा फुटबॉलमधला दरारा असलेला माणूस. मिशिगनचा संघ मिशिगनचाच माणूस चालवेल, असं बजावून त्याने फ्रीडरला तिथल्या तिथे मोकळं केलं आणि संघ सहायक स्टीव्ह फिशरच्या हाती दिला. कॉलेजच्या एकाही सामन्यात फिशर तोवर मुख्य कोच म्हणून उभा राहिलेला नव्हता. पुढचे सहा सामने मिशिगन जिंकलं. पुरुषांच्या बास्केटबॉलमधलं विद्यापीठाचं पहिलं राष्ट्रीय विजेतेपद आलं, आणि पुढे फार काळ ते एकमेव राहिलं.

तेव्हापासून आजतागायत एकच पालुपद: संघ फ्रीडरचा होता, ग्लेन राइससारखा खेळाडू हाताशी असताना कोणीही जिंकलं असतं. राइसने त्या स्पर्धेत १८४ गुण केले. एका स्पर्धेतला तो विक्रम अजून कोणी मोडलेला नाही. पण ‘कोणीही जिंकलं असतं’ म्हणणाऱ्यांनी एका साध्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. मग फ्रीडर का जिंकला नाही? १९८५ मध्ये मिशिगन अव्वल मानांकन घेऊन उतरलं आणि दुसऱ्याच फेरीत हरलं. १९८६ मध्ये पुन्हा दुसरी फेरी. १९८८ मध्ये राइस होता, रुमील रॉबिन्सन, टेरी मिल्स, लॉय वॉट होते, शिवाय गॅरी ग्रँट होता, जो १९८९ मध्ये नव्हता. तो संघ शेवटच्या सोळांत गारद झाला. १९८९ च्या मोसमातही इलिनॉयने त्यांना दोनदा हरवलं, शेवटच्या साखळी सामन्यात तर घरच्या मैदानावर १६ गुणांनी. त्याच इलिनॉयला फिशरच्या मिशिगनने उपांत्य फेरीत ८३-८१ असं हरवलं. खेळाडू तेच. निकाल वेगळा.

अंतिम सामन्याची शेवटची तीन सेकंदं घ्या. सिएटल, समोर सीटन हॉल, जादा वेळ, मिशिगन ७८-७९ असं एका गुणाने मागे, आणि रॉबिन्सनच्या वाट्याला दोन फ्री थ्रो. याच मोसमात विस्कॉन्सिनविरुद्ध अशाच वेळी त्याचे दोन्ही फ्री थ्रो चुकले होते आणि सामना गेला होता. त्यानंतर रोजच्या सरावाबरोबर शंभर जादा फ्री थ्रो मारायचा त्याने नेम धरला. सिएटलमध्ये दोन्ही टाकले, दोन्ही आत गेले. ८०-७९. तो सराव फ्रीडरच्या राज्यातला, हे मी आनंदाने मान्य करतो. फ्रीडरने संघ जमवला, घडवला, आणि त्याचं श्रेय कोणी हिरावून घेऊ नये. पण कोच ऐन वेळी सोडून गेलेली ती मुलं होती. सहा सामन्यांत नवे डावपेच शिकवायला सवड नसते. अशा वेळी संघाला एकत्र धरून ठेवणं आणि त्याच्या खेळाच्या आड न येणं हेच कोचचं काम उरतं. बाहेरून ते काहीच न केल्यासारखं दिसतं. प्रत्यक्षात कितीतरी कोचना तेच जमत नाही.

पुढे १९९१ मध्ये फिशरने एकाच वर्षी पाच नवी मुलं आणली: क्रिस वेबर, जेलन रोझ, जुवान हॉवर्ड, जिमी किंग आणि रे जॅक्सन. ‘फॅब फाइव्ह’ म्हणून ती जगभर गाजली. १९९२ आणि १९९३, दोन्ही वर्षी संघ अंतिम सामन्यात पोहोचला आणि दोन्ही वेळा हरला. आता खेळाडू आधीच्याचे म्हणायची सोय नव्हती. तर म्हणणारे म्हणू लागले, एवढी गुणी मुलं असताना पोहोचण्यात विशेष ते काय! दुसऱ्याची मुलं असली तर श्रेय दुसऱ्याचं, आपली असली तर श्रेय मुलांचं. मग कोचचं श्रेय येणार तरी कधी?

फिशरवरचा खरा ठपका वेगळाच आहे, आणि तो मी झाकणार नाही. एड मार्टिन नावाच्या पाठीराख्याने खेळाडूंना पैसे दिल्याचं प्रकरण निघालं. ऑक्टोबर १९९७ मध्ये फिशरला काढण्यात आलं. पुढे त्या वर्षांतले विजय विद्यापीठाने स्वतःच रद्द ठरवले आणि १९९२ व १९९३ चे फलक छतावरून उतरवले. त्याच्या मागून आलेल्यांना हे ओझं वाहावं लागलं. वारसा मोजायचाच असेल तर तो इथे मोजा. काय मिळालं यापेक्षा मागे काय ठेवलं, हे कोचबद्दल जास्त सांगतं. मिशिगनच्या बाबतीत त्याचं उत्तर फिशरच्या विरोधात जातं, आणि ते तसं नोंदवलं गेलंच पाहिजे.

आता सॅन डिएगो. १९९९ मध्ये फिशर सॅन डिएगो स्टेटला गेला तेव्हा आधीच्या मोसमात त्या संघाने चार सामने जिंकले होते आणि २२ गमावले होते. राष्ट्रीय स्पर्धेत तो शेवटचा दिसला होता १९८५ मध्ये, आणि त्या स्पर्धेत एकही सामना त्याने कधी जिंकलेला नव्हता. बारा हजारांवर आसनांचं नवंकोरं सभागृह होतं आणि ते रिकामं असायचं. फिशर कॅम्पसवर हिंडून विद्यार्थ्यांच्या हातात फुकट तिकिटं ठेवायचा. राष्ट्रीय विजेतेपद मिळवलेला, पन्नाशी ओलांडलेला माणूस ‘सामना बघायला या’ म्हणून पोरासोरांना विनवत होता. पहिल्या मोसमात पाच विजय, तेवीस पराभव. आपल्या गटातले चौदाच्या चौदा सामने संघ हरला. तिसऱ्या वर्षी संघ राष्ट्रीय स्पर्धेत पोहोचला. २०११ मध्ये कवाय लेनर्डच्या साथीने ३४ विजय आणि फक्त तीन पराभव, आणि विद्यापीठाच्या इतिहासातला स्पर्धेतला पहिला विजय. फुकट तिकीट नाकारणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जागी आलेली पुढची पिढी त्याच सभागृहात जागेसाठी रांगा लावू लागली.

मिशिगनमध्ये सहाच्या सहा सामने जिंकणारा आणि सॅन डिएगोत चौदाच्या चौदा हरणारा माणूस एकच. मिळालेला संघ हाच कोचचा निकाल मानला तर १९८९ चा फिशर नशीबवान ठरतो आणि २००० चा फिशर नालायक. दोन्ही निष्कर्ष हास्यास्पद आहेत. सुरुवात कुठून झाली हे त्या आकड्यांवरून कळतं, माणूस कसा आहे ते कळत नाही.

२०१७ मध्ये फिशर निवृत्त झाला आणि संघ ब्रायन डचरकडे आला. डचर मिशिगनपासून त्याच्या शेजारी बसलेला. त्याला आयतं मिळालं असं म्हणायचं? २०२३ मध्ये डचरने त्या संघाला थेट अंतिम सामन्यात नेलं. कनेटिकटकडून ते ७६-५९ असे हरले, पण त्याआधी अव्वल मानांकित अलाबामाला घरी पाठवून आले होते. जो माणूस अठरा वर्षं स्वतः विटा रचत होता त्याला घर आयतं मिळालं असं म्हणताच येत नाही.

हाच मुद्दा केंटकीत सगळे सोयीस्करपणे विसरले, आणि तिथला अन्याय मला सर्वांत जास्त बोचतो.

मे १९९७ मध्ये कोच रिक पिटिनो केंटकी विद्यापीठ सोडून व्यावसायिक लीगमधल्या बोस्टन सेल्टिक्सला गेला. १९९६ चं विजेतेपद आणि १९९७ चा अंतिम सामना, एवढं तो मागे ठेवून गेला. जागी आला टबी स्मिथ, त्या विद्यापीठाच्या पुरुष बास्केटबॉल संघाचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच. मेरीलँडमधल्या शेतमजूर कुटुंबातल्या सतरा भावंडांतला सहावा. पहिल्याच वर्षी, १९९८ मध्ये, त्याने विजेतेपद मिळवलं. आणि पहिल्याच दिवसापासून ते ‘पिटिनोचं’ झालं.

आता खोलात जाऊ. पिटिनोच्या १९९६ च्या संघात अँट्वान वॉकर, टोनी डेल्क, रॉन मर्सर, डेरेक अँडरसन होते. व्यावसायिक लीगमध्ये जाणाऱ्यांची तिथे रांगच लागली होती. १९९८ पर्यंत हे सगळे गेलेले. उरलेल्यांपैकी नाझर मोहम्मद लीगच्या त्या वर्षीच्या निवडीत २९ वा गेला. स्पर्धेतला सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरलेल्या जेफ शेपर्डला तर निवडीत कोणी घेतलंच नाही. तीन वर्षांतला सर्वांत कमी झगमगता संघ टबीच्या वाट्याला आला. ड्यूकविरुद्ध तो १७ गुणांनी मागे पडला होता, दहा मिनिटंही उरली नव्हती, तिथून ८६-८४ असा जिंकला. उपांत्य सामन्यात स्टॅनफर्डविरुद्ध मागे पडून जादा वेळेत एका गुणाने जिंकला. अंतिम सामन्यात यूटाविरुद्ध मध्यंतराला दहा गुणांनी मागे होता, तरी ७८-६९ जिंकला. लागोपाठ तीनदा मागून येऊन जिंकायला त्या क्षणी बाकावर बसलेल्या माणसाचं डोकं लागतं. पिटिनो तेव्हा बोस्टनमध्ये होता.

शिवाय ‘पिटिनोचा वारसा’ तरी एकट्या पिटिनोचा होता का? १९८९ मध्ये तो केंटकीत आला तेव्हा एडी सटनच्या काळातल्या गैरप्रकारांमुळे संघावर दोन वर्षं स्पर्धाबंदी होती. चांगली मुलं सोडून गेलेली. पहिल्या मोसमात १४ विजय, १४ पराभव. ते पडकं घर उभं करताना पहिली दोन वर्षं पिटिनोच्या हाताखाली कोण राबत होतं? टबी स्मिथ. त्यानंतर तो टल्सा आणि जॉर्जियात स्वतंत्रपणे कोच झाला आणि दोन्ही संघांना त्याने शेवटच्या सोळांत नेलं. जिच्या पायाभरणीत त्याने घाम गाळला, त्याच इमारतीत परत आल्यावर त्याला भाडेकरू ठरवण्यात आलं.

विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा मी टाळत नाही. टबीच्या केंटकीतल्या उरलेल्या नऊ वर्षांत संघ एकदाही शेवटच्या चारांत गेला नाही. त्याच्या काळात आणलेली मुलं पिटिनोच्या मुलांच्या तोडीची नव्हती, हे बऱ्याच अंशी खरं आहे, आणि त्यावरून त्याच्यावर टीका करायला कोणाची हरकत नसावी. पण २००३ चा संघ बघा. गटातले सोळाच्या सोळा सामने जिंकलेला, सलग २६ विजयांवर आलेला, आणि सगळे खेळाडू टबीने स्वतः आणलेले. कीथ बोगन्सचा घोटा दुखावलेला असताना मार्केट विद्यापीठाच्या ड्वेन वेडने त्यांना एकट्याने गुंडाळलं. २००५ मध्ये मिशिगन स्टेटविरुद्ध दुसऱ्या जादा वेळेपर्यंत सामना गेला आणि निसटला. म्हणजे या दोन्ही वेळा शेवटच्या चारांची संधी एका सामन्याने हुकली. एकूण २६३ विजय, ८३ पराभव. आणि त्या माणसाला नाव मिळालं ‘दहा पराभवांचा टबी’. २००७ मध्ये तो मिनेसोटाला निघून गेला. मागून आलेला बिली गिलिस्पी दोन वर्षांत हाकलला गेला, तेव्हा कुठे विद्यापीठाच्या गावातल्या, लेक्सिंग्टनमधल्या, काही जणांना गेलेल्याची किंमत कळली. टबीची जर्सी सन्मान म्हणून संघाच्या घरच्या सभागृहाच्या, रप अरीनाच्या, छताला लागायला ३१ डिसेंबर २०२१ उजाडावा लागला.

‘खेळाडू आधीच्याचे’ हे वाक्य संघ मोजत नाही, माणूस आवडतो की नाही ते मोजतं, याचा पुरावा नॉर्थ कॅरोलायनात आहे. २००५ मध्ये रॉय विल्यम्सने तिथे विजेतेपद मिळवलं. शॉन मे, रेमंड फेल्टन, रशाद मॅकँट्स, जवाद विल्यम्स ही सगळी मुलं त्याच्याआधीच्या मॅट डोहर्टीने आणलेली. डोहर्टीला २००३ मध्ये जावं लागलं. २००२ मधला त्याचा ८ विजय आणि २० पराभवांचा मोसम कोणी विसरलं नाही, पण विजेता संघ त्याचा होता असं आवर्जून कोण म्हणतं? विल्यम्सने विस्कटलेला संघ सावरला, असं म्हणतात. बरोबरच आहे, सावरला. मग टबीने काय केलं होतं?

तिथेच विल्यम्सच्या मागून आलेला ह्यूबर्ट डेव्हिस. २०२२ मध्ये, पहिल्याच वर्षी, त्याने संघ अंतिम सामन्यात नेला. वाटेत ड्यूकचा कोच माईक शेशेव्हस्की याला त्याच्या कारकिर्दीचा शेवटचा सामना हरायला लावला. अंतिम सामन्यात मध्यंतराला १५ गुणांची आघाडी होती, तरी कॅन्ससकडून ७२-६९ अशी हार झाली. तेव्हा बोलणं काय? ही तर रॉयची मुलं. पुढच्या वर्षी पाचांतले चार तेच खेळाडू परत आले. मोसमाआधी देशात पहिला क्रमांक मिळाला आणि राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेशसुद्धा मिळाला नाही. तेव्हा मात्र ती डेव्हिसची मुलं झाली. चार मुलांचं पालकत्व एका उन्हाळ्यात बदललं! माझ्या मते २०२३ चं अपयश डेव्हिसच्या खात्यावर लावायलाच हवं. फक्त मग २०२२ ही त्याच्याच खात्यावर लावा.

भरलेलं घर मिळणं हे सुखच असतं, हा दुसरा गैरसमज. बारा वर्षांत दहा विजेतेपदं मिळवून जॉन वुडन १९७५ मध्ये यूसीएलएमधून निवृत्त झाला. मागून आलेल्या जीन बार्टोने दोन वर्षांत ५२ सामने जिंकले, नऊ हरले, एकदा शेवटच्या चारांत गेला, आणि लोकांच्या कटकटीला विटून निघून गेला. त्यानंतर पुढचं विजेतेपद यायला यूसीएलएला १९९५ पर्यंत थांबावं लागलं. उलट बेलरमध्ये २००३ साली एका खेळाडूने दुसऱ्याचा खून केला, कोचला राजीनामा द्यावा लागला, आणि त्या राखेवर स्कॉट ड्रू आला. सुरुवातीचे त्याचे चार मोसम पराभवांचे गेले. सगळ्यांनी वाट बघितली, आणि बघायलाच हवी होती. २०२१ मध्ये त्याने विजेतेपद दिलं. ड्रूला मिळालेला हा उमदेपणा मला मनापासून आवडतो. तो बार्टोच्या आणि टबीच्या वाट्याला का आला नाही, एवढंच मी विचारतो आहे.

आता तर या वाक्याचा पायाच गेला आहे. २०२१ पासून खेळाडू एक वर्ष बाहेर न बसता विद्यापीठ बदलू शकतात, आणि त्यांना उघडपणे पैसेही मिळतात. २०२४ मध्ये जॉन कॅलिपारी केंटकीहून आर्कन्सोला गेला आणि मार्क पोप आला. हाच पोप १९९६ च्या विजेत्या संघाचा कर्णधार होता. त्याला शिष्यवृत्तीवरचा आधीचा एकही खेळाडू मिळाला नाही. अख्खा संघ त्याने एका उन्हाळ्यात बाहेरून जमवला आणि पहिल्याच वर्षी शेवटच्या सोळांत नेला. इथे ‘आधीच्याचे खेळाडू’ म्हणायला माणूसच शिल्लक नाही. तरी कुजबुज सुरू झालीच, की केंटकीचं नाव आणि केंटकीचा पैसा असला की कोणीही जमवेल. हे म्हणणाऱ्यांना मी एवढंच सांगेन: त्याच नावाने आणि त्याच पैशाने गिलिस्पीला दोन वर्षांत काय जमवता आलं, ते आधी बघून या आणि मग पोपशी वाद घाला.